रक्ताचा कर्करोग : निदान, उपचार आणि ‘बरं होणं’ या शब्दाचा अर्थ

 

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं ते तत्त्वज्ञानातल्या पीएच.डी.मुळे. मी आयुष्यात कुणाची नाडी पाहिलेली नाही. मग या विषयावर मी का बोलतोय? तर तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही मुख्यतः दोन कामं केली. पहिलं, एखाद्या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे विचारणं. दुसरं, जे दिसतं आणि जे असतं ते एकच आहे का, हे तपासणं. ‘ब्लड कॅन्सर’ हा शब्द घरात शिरला की या दोन्ही कामांची गरज पडते, आणि तेव्हा ग्रंथालयात जायला वेळ नसतो.

आज मला एकच गोष्ट तुमच्या मनावर ठसवायची आहे. आजार दिसेनासा होणं वेगळं आणि आजार नसणं वेगळं. ज्या घराला हा फरक समजतो, त्या घरातल्या रुग्णाच्या, विशेषतः लहान मुलाच्या, वाचण्याची शक्यता वाढते. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. त्यामागे पेशींचा साधा हिशेब आहे. तो आपण पाहू. औषध कुठलं, किती आणि कधी, हे अर्थातच तुमचे डॉक्टर ठरवतील.

कारखान्यात काय बिघडतं?

रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात. त्याला अस्थिमज्जा म्हणतात, दवाखान्यात ‘बोन मॅरो’. मोठ्या माणसांत हे काम मुख्यतः कंबरेचं हाड, पाठीचे मणके, बरगड्या आणि छातीचं हाड इथे चालतं. लहान मुलांत जवळजवळ सगळ्याच हाडांत. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस. म्हणजे माल सतत संपतो आणि सतत नवा लागतो. एका मोठ्या माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे २० हजार कोटी नव्या तांबड्या पेशी तयार होतात.

मालेगावात हे समजावणं सोपं आहे. समजा, एका शेडमध्ये माग चालू आहेत. एका मागाला कुठे थांबायचं ते कळेनासं झालं. त्यातून अर्धवट विणलेलं कापड निघत राहिलं. त्याचं ना लुगडं होतं, ना ते बाजारात जातं. आणि हा माग असा विचित्र, की तो स्वतःसारखे आणखी माग तयार करत सुटला. काही आठवड्यांत शेड त्या निकामी कापडाने भरली. चांगल्या मागांना जागा उरली नाही, सूत उरलं नाही, ते एकेक करून बंद पडले.

ल्युकेमिया म्हणजे हेच. मज्जेतल्या एका पेशीच्या जनुकांत बिघाड होतो, आणि तिच्यापासून अपक्व, बिनकामाच्या पांढऱ्या पेशींचा ढीग तयार होतो. या अपक्व पेशींना डॉक्टर ‘ब्लास्ट’ म्हणतात. रिपोर्टवर हा शब्द तुम्हाला भेटेल.

आता लक्षणं पाठ करायची गरज नाही, ती आपोआप निघतात. तांबड्या पेशी बनेनात, म्हणून मूल फिकट पडतं, खेळता खेळता बसतं. प्लेटलेट बनेनात, म्हणून अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके येतात, न पडता-झडता काळेनिळे डाग उमटतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं. कामाच्या पांढऱ्या पेशी बनेनात, म्हणून ताप हटत नाही. शेड गच्च भरली, म्हणून हाडं दुखतात. चालणारं मूल ‘कडेवर घे’ म्हणून रडतं. काहींच्या मानेत, काखेत गाठी येतात, पोटात प्लीहा वाढते.

इथे थोडं थांबू या. तुमच्यातल्या काहींनी मनातल्या मनात घरातल्या मुलाची तपासणी सुरू केली असेल. घाबरू नका. फिकटपणा बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेचा असतो. प्लेटलेट डेंग्यूतही उतरतात. ताप तर शंभर कारणांनी येतो. पण ही लक्षणं दोन-तीन मिळून आली, किंवा ताप औषध देऊनही पुन्हा पुन्हा परतू लागला, तर एक साधी रक्ततपासणी, सीबीसी, करून घ्यायला उशीर करू नये. ती आपल्या गावात होते आणि फार महागही नाही.

एक नाव, अनेक आजार

‘ल्युकेमिया’ हा शब्द जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी १८४७ साली वापरला. ग्रीक शब्दांवरून घेतलेला, अर्थ ‘पांढरं रक्त’. म्हणजे नावच मुळी ‘दिसण्या’वरून पडलं. प्रत्यक्षात कित्येक रुग्णांत पांढऱ्या पेशींचा आकडा निदानाच्या वेळी साधारण असतो, काहींत तर कमीही असतो. नावाने आपल्याला पहिल्या पावलालाच चकवलेलं आहे.

दुसरा चकवा असा की नाव एक आणि आजार अनेक. डॉक्टर दोन प्रश्न विचारतात. आजार झपाट्याने वाढणारा आहे की सावकाश? वेगाचा तो ‘अ‍ॅक्युट’, सावकाशीचा तो ‘क्रॉनिक’. आणि बिघाड पेशींच्या कुठल्या घराण्यात आहे, लिम्फॉइड की मायलॉइड? दोन प्रश्नांची दोन-दोन उत्तरं, म्हणून मुख्य प्रकार चार : एएलएल, एएमएल, सीएलएल आणि सीएमएल.

लहान मुलांत सर्वाधिक आढळतो तो एएलएल, आणि तोही दोन ते पाच या वयात जास्त. एएमएल कुठल्याही वयात होतो, पण वयाबरोबर त्याचं प्रमाण वाढतं. सीएमएल मुख्यतः मोठ्यांचा आजार. सीएलएल उतारवयातला, आणि युरोप-अमेरिकेच्या मानाने आपल्याकडे कमी.

आता बघा, चार वर्षांची एएलएलची मुलगी, ६५ वर्षांचे एएमएलचे आजोबा आणि ४५ वर्षांचा सीएमएलचा गृहस्थ. तिघांनाही शेजारी म्हणणार ‘ब्लड कॅन्सर झालाय’. पण मुलीला अडीच-तीन वर्षं उपचार लागतील आणि ती पूर्ण बरी होण्याची शक्यता चांगली. आजोबांची लढाई खरोखरच अवघड. आणि तिसरे गृहस्थ रोज गोळी घेऊन कामावर जातील. म्हणून कुणी तुम्हाला सांगितलं की ‘आमच्या नात्यात एकाला हाच झाला होता, तो गेला’, तर आधी विचारा : हाच म्हणजे कुठला?

निदानाच्या पायऱ्या

सीबीसीनंतरची पायरी म्हणजे स्मियर. रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकातून पाहणं. यंत्राने दिलेला आकडा माणसाच्या डोळ्याने तपासायचा. ब्लास्ट दिसले, किंवा शंका आली, की मज्जेची तपासणी. कंबरेच्या मागच्या हाडातून सुईने थोडी मज्जा काढतात. जागा बधिर करतात, लहान मुलांना झोपेचं औषधही देतात.

पुढची पायरी फ्लो सायटोमेट्री. पेशींच्या पृष्ठभागावर कुठल्या खुणा आहेत, त्यावरून घराणं ठरतं. मग गुणसूत्रांची आणि जनुकांची तपासणी. ती महत्त्वाची, कारण एकाच एएलएलमध्येही कुणाचा धोका कमी, कुणाचा जास्त, हे त्यावरून कळतं आणि औषधांची तीव्रता ठरते. या तपासण्या महाग वाटतात, नातेवाईक म्हणतात, ‘आजार कळला ना, मग उपचार सुरू करा.’ पण पत्त्यात गावाचं नाव आहे आणि गल्लीचं नाही, तर पत्र पोहोचेल का?

एएलएलमध्ये पाठीच्या मणक्यातून पाणीही तपासतात. याची आपल्याकडे फार धास्ती. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो,’ असं सर्रास बोललं जातं. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली ही सुई घालतात, त्यामुळे ही भीती निराधार आहे. आणि ती सुई टाळता येत नाही, त्याचं कारण पुढे सांगतो.

एक सूचना मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. निदान होण्याआधी मुलाला स्टेरॉइड देऊ नये, कुणी दिलं तर विचारावं. गाठी आहेत, ताप आहे, सांधे दुखतात म्हणून स्टेरॉइड दिलं जातं आणि मूल दोन दिवसांत टवटवीत होतं. कारण स्टेरॉइड हे एएलएलवरचंही औषध आहे. त्याने काही पेशी मरतात, चित्र पुसट होतं, निदान लांबतं, आणि पुढच्या उपचारांचं गणितही बिघडतं. दिसण्याचा हा तिसरा चकवा.

परळमधून जाणारा धागा

हे ज्ञान आलं कुठून, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, कारण तिच्यातला एक धागा मुंबईतल्या परळमधून जातो.

१९३१ साली सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचं वेल्समध्ये ल्युकेमियाने निधन झालं. देशातलं एक अतिश्रीमंत घर, युरोपातले उत्तम डॉक्टर हाताशी, आणि उपाय काहीही नाही. कारण उपाय तेव्हा जगात कुणाकडेच नव्हता. दोराबजींनी १९३२ साली त्यांच्या स्मरणार्थ लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला, ल्युकेमियावरच्या संशोधनाला मदत करण्यासाठी, तीही जगभरातल्या संशोधकांना. त्याच वर्षी ते स्वतःही गेले. पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं.

आता दुसरं टोक. मेहेरबाई गेल्या त्याच १९३१ साली लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टरांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्या मुंबईत परळच्याच हाफकिन संस्थेत काम करत होत्या. गरीब गरोदर बायकांना, त्यांत कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायकाही होत्या, एक विशिष्ट प्रकारचा पंडुरोग होई. विल्सबाईंनी दाखवलं की यीस्टच्या अर्काने तो बरा होतो. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे सापडलेलं फॉलिक अ‍ॅसिड. आज गरोदर बायकांना ज्या गोळ्या देतात, त्यांतलं.

रक्त तयार व्हायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं, हे कळलं. मग बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांच्या लक्षात आलं की ल्युकेमियाच्या मुलांना ते दिलं तर आजार उलट जोराने वाढतो असं दिसतंय. तेव्हा त्यांनी उलटा विचार केला : फॉलिक अ‍ॅसिडची वाट अडवली तर? अशी वाट अडवणारी रसायनं अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली तयार होत होती. सुब्बाराव आपले, आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांच्या चमूने बनवलेलं अमायनोप्टेरिन फार्बरनी मुलांना दिलं. १९४८ साली त्यांनी १६ मुलांचा अनुभव छापला. त्यांतल्या १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. ल्युकेमिया औषधाने मागे हटतो, हे जगाने पहिल्यांदा पाहिलं. त्याच अमायनोप्टेरिनचं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट, आजही प्रत्येक एएलएलच्या मुलाला मिळणारं औषध. सुब्बाराव मात्र त्याच वर्षी, ऑगस्ट १९४८ मध्ये वारले.

पण गोष्ट इथे संपत नाही. फार्बरच्या मुलांमधली ती सुधारणा टिकली नाही. काही महिन्यांत आजार परतला. ब्लास्ट दिसेनासे झाले होते, गेले नव्हते.

दिसेनासं होणं आणि नसणं

आता तो हिशेब करू. एएलएलचं निदान होतं तेव्हा शरीरात साधारण एक लाख कोटी कर्कपेशी असतात. पहिल्या महिन्याच्या उपचारानंतर मज्जा पुन्हा तपासतात. सूक्ष्मदर्शकात ब्लास्ट ५ टक्क्यांच्या खाली गेले, बाकी रक्त सुधारलं, की डॉक्टर सांगतात, ‘रेमिशन आलं.’ घरात पेढे वाटले जातात. वाटावेत, आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्या क्षणी शरीरात किती कर्कपेशी उरलेल्या असू शकतात? शंभर कोटी, हजार कोटीसुद्धा. मूल हसतंय, जेवतंय, सायकल चालवतंय, आणि आत हजार कोटी.

म्हणून आता एमआरडी नावाची तपासणी करतात. दहा हजार पेशींत एक कर्कपेशी असली तरी ती पकडते. तिच्या निकालावरून पुढचा उपचार कमी-जास्त करतात. पण एमआरडी ‘नाही’ आली तरी शून्य झालं असा अर्थ होत नाही. आपलं मोजमाप तिथे संपलं, एवढाच अर्थ.

यातून उपचाराची रचना कळते. पहिला टप्पा, चार-पाच आठवडे, ढीग उपसण्याचा. व्हिंक्रिस्टीन, स्टेरॉइड, अ‍ॅस्पॅराजिनेज अशी औषधं. दुसरा टप्पा, काही महिने, कोपऱ्यात दडलेल्यांना शोधण्याचा. आणि दडायची एक खास जागा म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी. शिरेतून दिलेली बरीच औषधं तिथे पुरेशी पोहोचत नाहीत. म्हणून पाठीतून सुई, म्हणून त्या पाण्यात मेथोट्रेक्सेट. अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी साठच्या दशकात अनेक औषधं एकत्र आणि मेंदूकडेही उपचार अशी पद्धत बसवली, तेव्हा कुठे निम्मी मुलं कायमची बरी होऊ लागली. तिसरा टप्पा सर्वांत लांब, दीड-दोन वर्षांचा : रोज मर्कॅप्टोप्युरिनची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, अधूनमधून तपासण्या.

आणि या तिसऱ्या टप्प्यातच घरं थकतात. कर्ज झालेलं असतं, माग बंद असतो, दुसरी मुलं आजीकडे असतात. मूल तर ठणठणीत दिसतं! मग कुणी वडीलधारं म्हणतं, ‘आता कशाला विषारी औषधं घालता त्याच्या अंगात?’ उपचार सुटतो. काही महिन्यांनी आजार परत येतो. या वेळी उरलेल्या पेशी त्याच असतात ज्या औषधांना पुरून उरल्या. दुसरी लढाई पहिलीपेक्षा कठीण आणि महाग.

आपल्याकडे हे घडत आलं आहे. टाटा रुग्णालयात ऐंशीच्या दशकात डॉ. सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या परिस्थितीला झेपेल असा एएलएलचा उपचारक्रम, एमसीपी ८४१, राबवला. स्वतः अडवाणी पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत. आधी फार थोडी मुलं वाचायची, या क्रमाने ती संख्या निम्म्यावर नेली. आज प्रगत देशांत एएलएलची ९० टक्क्यांच्या आसपास मुलं बरी होतात. आपलं अंतर उरलं आहे ते फक्त औषधांमुळे नाही. उशिरा येणं, उपचारादरम्यानचे जंतुसंसर्ग आणि उपचार अर्धवट सोडणं, यांचा त्यात मोठा वाटा आहे. टाटा रुग्णालयाने २००९ नंतर मुलांच्या कुटुंबांना राहणं, जेवण, पैसा, समुपदेशन असा आधार देणं पद्धतशीर सुरू केलं, तेव्हा उपचार सोडणाऱ्यांचं प्रमाण एकेरी आकड्यावर आलं. औषध तेच, डॉक्टर तेच. आधार मिळाला म्हणून मुलं टिकली.

म्हणून मालेगावच्या माणसाला या गोष्टी माहीत हव्यात. नाशिक आपल्यापासून शंभरएक किलोमीटर, मुंबई पावणेतीनशेच्या आसपास. मुंबईत राहायचं कुठे? दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६ पासून कर्करोगाच्या मुलांना आईवडिलांसह मोफत ठेवून घेते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात; योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, त्याला आधी गाठा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या. मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकांचा विभाग असतो. लाज न बाळगता तिथे जा.

आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवा. केमोथेरपी चालू असताना मुलाला १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला, तर ती रात्र घरी काढायची नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतू काही तासांत जीव घेऊ शकतात. मुंबईला पोहोचेपर्यंत थांबायचं नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवायचं आणि इथल्याच रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करून घ्यायचं, मग पुढे निघायचं.

मोठ्यांचे प्रकार

मोठ्यांच्या एएमएलमध्ये उपचार तीव्र आणि थोड्या काळाचे. सात दिवस सायटाराबिन, त्यांतले तीन दिवस डॉनोरुबिसिन, हा क्रम सत्तरच्या दशकापासून पायाभूत आहे. शरीर सोसेल असं नसेल, वय जास्त असेल, तर अझासिटिडिन आणि व्हेनेटोक्लॅक्स यांसारखी सौम्य जोडी वापरतात. धोका जास्त असेल तर मज्जारोपण, म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्या पेशींनी शेड नव्याने उभारणं. भारतातलं पहिलं यशस्वी मज्जारोपण टाटा रुग्णालयातच १९८३ साली झालं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. आता आईवडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशीही वापरता येतात.

एएमएलचाच एक उपप्रकार आहे एपीएल. पूर्वी सगळ्यांत भयंकर, कारण पहिल्या काही दिवसांतच रक्तस्रावाने माणूस जायचा. ऐंशीच्या दशकात शांघायच्या डॉ. वांग झेनयी यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाच्या एका रूपाने त्या अर्धवट पेशी मारण्याऐवजी पक्व करून दाखवल्या. चीनमध्येच आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, त्यावर चालतो हे दिसलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. विक्रम मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी मुख्यतः या एकाच औषधावर बहुसंख्य रुग्ण बरे करून दाखवले. आता कुणी पुडीतून सोमल घेऊ नका हो! तो शुद्ध केलेला, मोजून शिरेतून दिलेला, हृदयाचा आलेख तपासत दिलेला असतो. पण एका काळचा सर्वांत भयंकर प्रकार आज सर्वांत बऱ्या होणाऱ्या प्रकारांत आहे, हे ध्यानात घ्या.

सीएमएलची गोष्ट वेगळीच. १९६० साली फिलाडेल्फियात या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केलेली असते. त्यातून जे चुकीचं प्रथिन बनतं, नेमकं त्यालाच कुलूप लावणारी गोळी २००१ साली आली : इमॅटिनिब. तेव्हा मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता, भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा दहा हजारांच्या आसपास. पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीची मागणी फेटाळली. त्यामुळे स्वस्त गोळ्या बाजारात राहिल्या. इथेही आपला मुद्दा लागू आहे. रक्त सुधारलं म्हणून मनाने गोळी बंद करायची नाही. काही मोजक्या रुग्णांत डॉक्टर ती थांबवून पाहतात, पण वारंवार जनुकतपासणी करत.

आणि सीएलएल! तिथे कित्येकदा डॉक्टर म्हणतात, ‘आजार आहे, पण आत्ता काही करायचं नाही, दर काही महिन्यांनी या.’ लोकांना हा निष्काळजीपणा वाटतो. पण लवकर औषध देऊन आयुष्य वाढत नाही असं जिथे दिसलेलं आहे, तिथे लक्ष ठेवून थांबणं हाही उपचारच. म्हणजे एएलएलमध्ये आजार दिसत नसताना औषध घ्यायचं, आणि सीएलएलमध्ये आजार दिसत असताना थांबायचं. म्हणून म्हटलं, आधी विचारा, ‘कुठला?’

एवढ्यात ऐकू येणारा नवा शब्द म्हणजे कार-टी. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांना कर्कपेशी ओळखायला शिकवून परत सोडायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा केंद्राने मिळून विकसित केलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. परदेशात हा खर्च कोटींत, इथे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तरी सामान्य घरासाठी मोठाच. आणि हा उपचार ठरावीक प्रकारांत, आजार परतल्यावर किंवा औषधांना दाद देत नसेल तेव्हाचा आहे.

चिठ्ठ्यांमधले प्रश्न

दोन-तीन चिठ्ठ्या आल्या आहेत.

एक ताई विचारतात, ‘हा आजार शिवल्याने होतो का? आईच्या खाण्यापिण्यामुळे होतो का?’ नाही. शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. किरणोत्सर्ग, बेंझिनसारखी रसायनं, डाऊन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात अवस्था यांचा संबंध माहीत आहे. पण बहुसंख्य मुलांत असं एक कारण बोट दाखवून सांगता येत नाही. आपली परंपरा अशा वेळी कर्माकडे वळते. कर्मसिद्धान्तावर मी खूप शिकवलं आहे, म्हणून ठामपणे सांगतो, दुसऱ्याच्या आजारी मुलाच्या आईला ऐकवण्यासाठी तो सिद्धान्त कुणी मांडलेला नाही.

दुसरी चिठ्ठी : ‘मुलीच्या बाबतीत एवढा खर्च करून पुढे लग्नाचं काय?’ नाव नाही लिहिलं, ते बरं केलं. एएलएल मुलग्यांना थोडा जास्त होतो हे खरं. पण मोठ्या रुग्णालयांत पोहोचणाऱ्या मुलींची संख्या त्या फरकाने समजावता येईल त्याहून कमी आहे, असं भारतातल्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे काही मुली घरातच राहतात. एएलएलमधून बऱ्या झालेल्या बहुतेक मुली शिकतात, नोकरी करतात, आईही होतात. ज्याने हा प्रश्न लिहिला त्याने उद्याच मुलीला घेऊन निघावं.

तिसरी : ‘मुलाला खरं सांगावं का?’ त्याच्या वयाला पेलेल तेवढं सांगावं. सहा वर्षांच्या मुलाला ‘तुझ्या रक्तात खराब पेशी झाल्यात, औषधाने त्या घालवायच्यात, केस जातील आणि परत येतील’ एवढं पुरतं. खोटं सांगितलेलं मुलाला सुई टोचली जाते तेव्हा कळतंच, आणि पुढची अडीच वर्षं त्याचा आपल्यावर विश्वास लागतो.

शेवटी तरुणांना एक विनंती. प्लेटलेट काढल्यावर जेमतेम पाच दिवस टिकतात. साठवून ठेवता येत नाहीत, कुणीतरी सतत द्याव्या लागतात. नाशिकच्या किंवा जवळच्या रक्तपेढीत आपलं नाव आणि रक्तगट नोंदवून ठेवा. आणि तुमच्या गल्लीत एखादं मूल केमोथेरपी घेऊन आलं असेल, छान दिसत असेल, तर त्याच्या वडिलांना ‘आता बरा झाला ना’ असं म्हणू नका. ‘पुढची तारीख कधी आहे, गाडी लागेल का?’ असं विचारा.

इथे थांबतो.